पूर्ण जोर, पूर्ण ब्रेक

वलूना, १७ फेब्रुवारी १९८५

जो,

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मी डॉसनचा जबडा मोडला. शनिवारी, क्लबात. तो म्हणाला, झेप्पी ग्रीमानं पोरकी पुतणी वाढवली, ती आता सिडनीला वर्गातल्या चाळीस पुरुषांत एकटी बसते, काय शिकत असेल ते आम्हाला कळतं. मी म्हटलं, पुन्हा म्हण. तो पुन्हा म्हणाला. बस्स.

दोन दात टेबलावर पडले. तिसरा त्यानं गिळला असं म्हणतात. झारेननं मागून धरलं म्हणून थांबलो. झारेन मिझी धरतो म्हणजे कसा, ते तुला माहीत आहे. अस्वलासारखा कवटाळतो. श्वासच मिळत नाही, मग राग कुठून राहणार? साखर कारखान्यानं सांगितलंय, गाळप सुरू होईपर्यंत तोंड दाखवू नकोस. म्हणजे जूनपर्यंत मी मोकळा. झारेनच्या घरी, विटोरिनवहिनीच्या परसात सशांची खुराडी बांधतोय. झारेन नुसता उभा राहून सल्ले देतो.

आता तू मला नीट सांग, तू नक्की शिकतेस काय? पुढच्या वेळी कुणाला मारायचं तर कशासाठी मारतोय ते तरी माहीत असावं.

सालवू

*

सिडनी, ३ मार्च १९८५

प्रिय सालवू,

पत्र वाचून आधी हसले, मग मला माझीच लाज वाटली. तुझं वय एकतीस. झेप्पीकाकाचा पट्टा माझ्या पाठीवर पडायचा तेव्हा तू मध्ये यायचास. त्याचे वळ तुझ्या खांद्यावर अजून आहेत. पण काका मेला, सालवू. आता मध्ये यायची गरज नाही. बोलणाऱ्याला बोलू दे.

मी काय शिकते ते ऐक. एखादी गोष्ट आपल्याला हवी तशी वागवायची कशी, हे नियंत्रणशास्त्र. आणि कमीत कमी वेळात, कमीत कमी खर्चात वागवायची कशी, हा त्याच्या पुढचा भाग. सगळ्यात चांगला मार्ग शोधायचा आणि त्याहून चांगला असूच शकत नाही हे सिद्ध करायचं. माझे प्राध्यापक ट्रेगियर यांनी पहिल्याच तासाला विचारलं, 'गाडी एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत कमीत कमी वेळात न्यायची आहे. कशी चालवाल?' उत्तर असं: निम्मा रस्ता पाय पूर्ण दाबून वेग वाढवायचा, उरलेला निम्मा पूर्ण ब्रेक. मधलं काहीच नाही. हे गणितानं सिद्ध होतं. दोन पानं लागतात आणि शेवटची ओळ आली की अंगावर काटा येतो.

एक काम कर. हंगाम सुरू झाला की पाकातून साखर वेगळी करणाऱ्या तुमच्या फिरत्या टोपल्यांच्या वेळा मला हव्या आहेत. भरायला किती सेकंद, वेग घ्यायला किती, पाण्याच्या फवाऱ्याला किती, ब्रेकला किती, साखर खरवडायला किती. अभ्यासासाठी. प्रत्येकी शंभर तरी नोंदी दे.

जोसेट

*

वलूना, २८ जून १९८५

जो,

पूर्ण जोर, मग पूर्ण ब्रेक. हे माझ्या बापाला विद्यापीठात न जाता येत होतं. ट्रक तसाच चालवायचा, पट्टाही तसाच.

तुझ्या नोंदी सोबत आहेत. शंभर नाहीत, तीनशे बारा. घड्याळ माझं, पण डोळे झारेनचे. त्याला छंदच लागला. पाक आत पडला की तो 'हं' म्हणतो, टोपली वेगात आली की 'हं', ब्रेक लागला की 'हं'. मी लिहितो. सगळे आम्हाला वेडे म्हणतात. एक फेरी सरासरी एकशे पंच्याऐंशी सेकंदांची भरते. झारेन म्हणतो, तिला विचार, एवढ्या आकड्यांचं ती करणार काय, लोणचं?

या हंगामाची सुरुवात वाईट झाली. पहिल्याच आठवड्यात उसाच्या गव्हाणीपाशी एका नव्या माणसाची बाही साखळीत गेली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. कोपरापासून हात गेला. आम्ही तो शोधत होतो आणि वर भोंगा वाजत होता, गाळप चालू करा, गाळप चालू करा. नवे इंजिनियर हॅलोरनसाहेब मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. झारेन त्या दिवशी जेवला नाही.

झारेनची मार्थेझ अकरा वर्षांची झाली. तुझ्यासारखी गणिताची भक्त आहे. बापाला पाढे विचारून छळते.

सालवू

*

सिडनी, १४ जुलै १९८५

प्रिय सालवू,

झारेनला सांग, सोन्यासारख्या नोंदी आहेत. ट्रेगियर म्हणाले की इतका स्वच्छ आकडा त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही.

काम जोरात चालू आहे. फारसं लिहीत नाही. त्या माणसाच्या हाताचं वाचून वाईट वाटलं.

जोसेट

*

वलूना, ९ ऑगस्ट १९८५

जोसेट,

आज कारखान्यात लाकडी खोकी आली. आत करड्या रंगाच्या पेट्या आणि तारा. हॅलोरननं नकाशा भिंतीवर चिकटवला. खाली कोपऱ्यात नाव आहे, जे. ग्रीमा.

झारेननं आधी वाचलं. खूश झाला. सगळ्यांना ओढून ओढून दाखवत होता, 'आमची पोरगी बघा.' मग हॅलोरननं समजावलं. आता फेरी एकशे तीस सेकंदांची. यंत्र स्वतः भरेल, स्वतः पळेल, स्वतः थांबेल. पाळीला सहा माणसं लागतात तिथं दोन पुरतील. झारेनचं बोट अजून तुझ्या नावावरच होतं.

तुला वेळा कशाला हव्या होत्या ते आता कळलं. 'अभ्यासासाठी.' मी तुझ्यासाठी लोकांचे जबडे मोडतो आणि तू माझ्याच घड्याळानं माझ्या चार माणसांना घरी पाठवतेस. तू तोंडावर सांगितलं असतंस तरी मी नोंदी दिल्या असत्या. हे तुला ठाऊक होतं, म्हणून जास्त राग येतो.

आज मी खोक्याची एक फळी लाथेनं फोडली. माणूस फोडला नाही एवढंच.

सालवू

*

सिडनी, १६ ऑगस्ट १९८५

सालवू,

मी घाबरले होते म्हणून सांगितलं नाही. तू आरडाओरडा करशील, युनियनला सांगशील आणि चाचणी थांबेल असं वाटलं. चुकले. पण कुणाला काढणार नाहीत, बॉयलरकडे नाहीतर गुदामात घेतील, असं हॅलोरननी ट्रेगियरना लेखी कळवलं आहे.

काय झालं आहे ते समजून घे. दर फेरीत पंचावन्न सेकंद वाचतात. माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराहून नवं आहे, कारण टोपलीत माल असताना तिचं वजन बदलत राहतं आणि ते मी हिशेबात धरलं. मी चोवीस वर्षांची आहे. या वर्गात पहिल्या दिवशी एकानं मला चहा आणायला सांगितलं होतं. आता तेच माझ्या खोलीच्या दारावर टकटक करून शंका विचारतात.

झारेनची माफी मी स्वतः मागेन. ख्रिसमसला येते.

जोसेट

*

वलूना, १२ सप्टेंबर १९८५

जो,

भांडण बाजूला ठेव आणि हे नीट वाच. दोनदा वाच.

चार नंबरच्या टोपलीत काहीतरी बिघडलंय. ब्रेक लागतो तेव्हा टक असा आवाज येतो. दगडावर दगड आपटावा तसा. आधी दिवसातून एकदा यायचा, आता दर पाच-सहा फेऱ्यांनी. तुझ्या पेटीनं ती पूर्वीपेक्षा दुप्पट जोरानं पळते आणि दुप्पट जोरानं थांबते. खालची जमीन तळपायाला जाणवते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आम्ही तिला हातानं हळूहळू सोडायचो, पाजून झोपवलेल्या पोरासारखी.

रविवारी यंत्रं धुवायला थांबली तेव्हा मी आणि झारेननं जुनी युक्ती केली. टोपलीचा पत्रा घासून रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड चोळली. अर्ध्या तासानं खडूवर ओली रेघ उमटली. टोपलीवर आवळलेल्या तिसऱ्या लोखंडी कड्याखाली, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत. माझ्या करंगळीएवढी. भेग आहे जो, भेग.

हॅलोरनला बोलावलं. त्यानं बघितलं, अंगठ्यानं खडू पुसला आणि म्हणाला, 'आता कुठंय?' मी मूठ वळली तसं झारेननं धरलं. हॅलोरन म्हणाला, 'जिनं आकडे काढले ती तुझीच बहीण ना? तिला विचार.'

म्हणून विचारतोय. ती यंत्रं थांबवायला सांग. तुझं ऐकतील.

सालवू

*

सिडनी, २० सप्टेंबर १९८५

प्रिय सालवू,

पत्र आल्या आल्या मी हिशेब पुन्हा तपासला. टोपलीच्या पोलादावर जास्तीत जास्त जो ताण येतो तो बनवणाऱ्यांनी दिलेल्या मर्यादेच्या आतच आहे. ती मर्यादा मी स्वतः गणितात घातली आहे. माझी पेटी ती ओलांडूच शकत नाही. उत्तर त्या मर्यादेच्या कुंपणाला टेकलेलं असतं हे खरं, सगळ्यात चांगलं उत्तर बहुधा तिथंच सापडतं, पण कुंपणाच्या आतल्या बाजूला.

जुन्या पत्र्यावर खरवडणीचे ओरखडे असतात. त्यात रॉकेल मुरतं.

आणि रागावू नकोस, पण एक विचारते. चार माणसांच्या कामाचा प्रश्न नसता तर ती रेघ तुम्हाला दिसली असती का? नवं यंत्र आलं की माणसाला त्याचा प्रत्येक आवाज वाईट वाटतो. मी तुला खोटारडा म्हणत नाही. भीतीनं डोळे तीक्ष्ण होतात एवढंच म्हणते.

पुढच्या महिन्यात परिषदेत मला हे काम मांडायचं आहे. ते झालं की येते आणि स्वतः बघते.

जोसेट

*

वलूना पोलीस चौकी, ४ ऑक्टोबर १९८५

झारेन गेला.

काल दुपारी सव्वातीनला चार नंबरची टोपली फुटली. तो साखरेत अडकलेली खरवडणी सोडवायला वाकला होता. शेजारची यंत्रं बाजूला फेकली गेली, छताचा पत्रा उघडला, गरम पाक भिंतीवर उडाला. कड्याचा एक तुकडा मागच्या विटांच्या भिंतीतून आरपार जाऊन आवारातल्या ट्रकच्या इंजिनात रुतला. दुसरा झारेनला लागला. जागीच गेला. त्याला काही कळलं नाही.

मी जिन्यावर हॅलोरनला गाठलं. मला धरायला कोणी नव्हतं. त्याचा डावा डोळा गेला असं म्हणतात. माझ्या उजव्या हाताची तीन हाडं मोडली म्हणून हे डाव्या हातानं लिहितोय.

तू येऊ नकोस.

सालवू

*

सिडनी, १५ ऑक्टोबर १९८५

सालवू,

मी अकरा दिवस झोपले नाही असं लिहिणार होते. पण झोपले, आणि झोपले याचा राग येतो.

माझी चूक सापडली. तुला सांगितलीच पाहिजे. ताण मर्यादेच्या आत होता हे खरं आहे. पण ती मर्यादा एकदा ओढण्याची होती. तार एकदा ओढली तर तुटत नाही, तीच हजारदा मागेपुढे वाकवली तर बोटांनी तुटते. धातू थकतो. हे पहिल्या वर्षाचं पोरही जाणतं. मीही जाणत होते. पण माझ्या समीकरणात टोपलीला वय नव्हतं. प्रत्येक फेरीला मी ती नवी कोरी धरली. जुन्या वेळात तासाला एकोणीस फेऱ्या व्हायच्या, माझ्या वेळात सत्तावीस, आणि प्रत्येक फेरीत दुप्पट जोराचे दोन हिसके. कारखान्यानं माझ्या आकड्यांत काहीही बदललं नव्हतं. एक सेकंदसुद्धा नाही. तसं निघावं म्हणून मी देवाची प्रार्थना केली. मग आठवलं, हॅलोरनला एका डोळ्यानं दिसत नाही आणि झारेन मातीत आहे, आणि मी प्रार्थना कसली करते आहे?

काल कारखान्याचा वकील इथं आला होता. गोड बोलतो. म्हणाला, 'कुमारी ग्रीमा, आवाज आणि भेग हे सगळं कामगार आता सांगत आहेत. अपघाताआधी तुम्हाला कोणी काही कळवलं होतं का?' मी म्हटलं, आठवून सांगते. तो म्हणाला, 'न आठवलं तर सगळ्यांचंच भलं.'

तुझं बारा सप्टेंबरचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझं वीस तारखेचं तुझ्याकडे आहे का?

जो

*

वलूना, २४ ऑक्टोबर १९८५

जो,

जामिनावर सुटलो. कोणाशी बोलत नाही.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. माझं तूही घाल. आजच. माझा वकील म्हणतो की मी आधी सावध केलं होतं याचा कागद असता तर न्यायाधीशानं वर्ष-दोन वर्षं कमी केली असती. मी म्हटलं, असा कागद नाही.

तो कागद बाहेर आला तर ते विचारतील, पोरीनं काय उत्तर दिलं? मग तुझं शिक्षण संपलं. आपल्या घराण्यात विद्यापीठाची पायरी दुसरं कोणी चढलं नाही. मी तुरुंगात चार वर्षं काढली काय, सहा काढली काय, बाहेर येऊन पुन्हा माझ्या हातात फावडंच असणार आहे. तू मूर्खपणा करू नकोस.

तुला माफ केलं असं समजू नकोस. रोज सकाळी उठल्यावर तुझ्या त्या वाक्याची आठवण होते, 'भीतीनं डोळे तीक्ष्ण होतात.' त्या वेळी तू समोर असतीस तर काय केलं असतं माहीत नाही. तरीही जाळ.

सालवू

*

सिडनी, १९ फेब्रुवारी १९८६

प्रिय सालवू,

तुला शिक्षा झाली त्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होते. तू वळून पाहिलं नाहीस. बरं केलंस.

चौकशी आयोगापुढे काय झालं ते तुला कोणीतरी सांगितलं असेल, तरी माझ्या हातचं वाच. मी तुझं पत्र दिलं. माझं उत्तर तू जाळलंस, पण मला माझी पत्रं आधी वहीत लिहून मग उतरवायची सवय आहे. ती वही मी दिली. आयोगाच्या माणसानं वीस सप्टेंबरचं पान मला उभं राहून मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. 'ती रेघ तुम्हाला दिसली असती का' इथं आले तेव्हा मागून कोणीतरी बूट फेकला. खांद्यावर लागला. पोलीस त्या माणसाला बाहेर नेऊ लागले तर मी म्हटलं, राहू द्या. तो डॉसन होता. त्याचा जबडा अजून वाकडाच आहे.

कारखान्याचा वकील म्हणाला, ही बाई भावाला वाचवायला खोटी वही आणते आहे. तेव्हा ट्रेगियर उठले. सत्तरीचे आहेत. म्हणाले, 'हिनं ते पत्र मला एकोणीस सप्टेंबरला दाखवलं होतं. मी म्हणालो, ओरखडा असेल. हिच्या आकड्यांखाली माझी सही आहे, ती पण वाचा.' हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. त्यांच्यामागे लपायचं नव्हतं.

माझी शिष्यवृत्ती साखर कारखानदारांच्या संघाची होती. ती गेली. ट्रेगियर या वर्षाअखेर निवृत्त होत आहेत. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून विचारलं, 'सोडतेस की राहतेस?' मी म्हटलं, आधी जे लिहिलं ते सगळं फाडते, पण राहते. आता माझ्या समीकरणात टोपलीला वय आहे. प्रत्येक फेरी तिचा थोडासा जीव खाते, आणि किती खाल्ला याचाही हिशेब नियंत्रणानं ठेवायचा. नव्यानं सोडवलं की उत्तर पूर्ण जोर, पूर्ण ब्रेक येत नाही. हळू चढतं, हळू उतरतं. फेरी जवळजवळ तुमच्या जुन्या वेळेएवढी येते. आकडा आला तेव्हा मी प्रयोगशाळेतली खुर्ची उचलून फळ्यावर फेकली. फळ्याला भोक पडलं. मीही ग्रीमाच आहे.

सकाळी विद्यापीठ, संध्याकाळी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. तुला शिक्षा चार वर्षांची झाली, सहाची होणार होती. वकील म्हणाला, पत्रामुळे.

शिव्या द्यायला तरी लिही.

जो

*

रॉकहॅम्प्टन तुरुंग, ३० मार्च १९८६

जो,

शिव्या दिल्या. सहा आठवडे दिल्या, भिंतीला. पुरे झाल्या.

इथं पहिल्याच महिन्यात दोघांनी मला अंघोळीच्या ठिकाणी धरलं. एकाकडे घासून टोकदार केलेला चमचा होता. पोटात दोन इंच गेला. मीही त्याचं मनगट मोडलं. रुग्णालयातून परत आलो तर माझ्या कोठडीसमोरचा म्हातारा म्हणतो, 'आता तू इथला झालास.' तसं झालं नाही. रक्त बघून पूर्वी माझं डोकं थंड व्हायचं. आता उलटी होते.

कशामुळे ते सांगतो. तू सगळ्यांसमोर आपलं पान वाचलंस, तर माझंही एक वाच.

झारेन जागीच गेला नाही. मी पोलिसांना खोटं सांगितलं, कोर्टात खोटं सांगितलं, तुलाही खोटं लिहिलं. विटोरिनवहिनी समोर बसलेली, पोटात त्याचं चौथं. कसं सांगणार? वीस मिनिटं होता तो. जिन्यावर हॅलोरनचं झालं ते त्यानंतर. आधी मी झारेनजवळ होतो. डोकं माझ्या मांडीवर. खाली काय उरलं होतं ते लिहीत नाही. शुद्धीवर होता. माझ्या शर्टाचं बटण धरून बोलत होता. काय बोलला तेही लिहीत नाही, तुलासुद्धा नाही. ते माझं नाही.

इस्पितळाची गाडी येईपर्यंत वीस मिनिटं. ती थांबली आणि त्याच वेळी तोही थांबला. मग मी उठलो.

हे कोणाला सांगू नकोस.

सालवू

*

वलूना, ८ जून १९८६

प्रिय सालवू,

मी तुझा शब्द मोडला. तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलं. कसं ते ऐक, मग हवं तर पुन्हा लिहू नकोस.

परवा बसनं इथं आले. विटोरिनवहिनींच्या दाराशी उभी राहिले. त्या पिठाच्या हातांनी आल्या. मला वाटलं दार लावतील. म्हणाल्या, 'आलीस. आठ महिने लागले.' आत घेतलं. स्वयंपाकघरात बसवलं. धाकटी दोघं, कडेवर बाळ आणि टेबलाच्या टोकाला मार्थेझ. मी माफीचं बोलायला लागले तर त्या म्हणाल्या, 'ते मला नको. तू हुशार आहेस ना? मग हिला सांग, हिचा बाप कसा मेला. कारखान्याचे लोक कागद देऊन जातात, पाद्री देवाची मर्जी म्हणतात. ही झोपत नाही. तुझ्या तोंडून सांग.'

मी सांगितलं. तार वाकवून दाखवली. तारेचा तुकडा माझ्याच हातात तुटला तेव्हा मार्थेझनं तो घेतला, बोट लावून पाहिलं. तुटलेल्या जागी तार गरम असते. 'गरम आहे,' म्हणाली. मग तिनं विचारलं, 'बाबांना दुखलं का?'

सालवू, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. तो तुकडा सेकंदाला सत्तर मीटरच्या वर वेगानं आला. अंतर दोन मीटर. दुखणं मेंदूपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी तो लागला. हे मी बसमध्ये आकडेमोड करून ठेवलं होतं. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. मला फक्त पुढची वीस मिनिटं गाळायची होती.

ती माझ्याकडे बघत होती. मला माझं वीस सप्टेंबरचं पत्र आठवलं. त्यातलाही एकही आकडा खोटा नव्हता.

मी म्हटलं, 'हो. दुखलं. वीस मिनिटं.'

विटोरिनवहिनींनी बाळाला खाली ठेवलं आणि माझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मी खुर्चीवरून खाली पडले. ओठ फुटला. धाकटी दोघं रडायला लागली. वहिनी माझ्या डोक्याशी उभ्या होत्या, हात वर, आणि तो हात तसाच राहिला. मग म्हणाल्या, 'मला ठाऊक होतं. त्याला अंघोळ मीच घातली ना. मुठीत शर्टाचं बटण होतं. ते त्याचं नव्हतं.' एवढं बोलून त्या जमिनीवर माझ्याशेजारीच बसल्या. 'ऊठ. पुढं सांग. कोण होतं त्याच्याजवळ?'

मी तुझं नाव घेतलं.

चुलीवरचा रस्सा करपला. मग मार्थेझ उठली, तिनं भांडं उतरवलं, माझ्या ओठाला ओलं फडकं दिलं आणि दप्तरातून वही काढून लिहायला बसली. आईनं विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, सालवूकाकाला. वहिनी नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त शुद्धलेखन तपासलं.

ते सोबत जोडते आहे. मी वाचलेलं नाही.

जो

*

सालवूकाका,

आई म्हणते की तुम्ही चार वर्षांनी येणार. तोवर मी पंधरा वर्षांची होईन. जोसेटताईनं सांगितलं की बाबा तुमच्याशी बोलत होते. ते काय बोलले ते मला लिहून पाठवा. वाईट असलं तरी चालेल. ओरडत असले तर ते पण लिहा. मी आणि आई मिळून वाचू.

सशाला पाच पिल्लं झाली. एक मेलं.

मार्थेझ मिझी